आसेगावच्या रेकॉर्डला नवी दांडी

रेकॉर्ड प्लेयरची दांडी बदलावी की नाही, हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटला, तरी मुळात तो माणूस आणि सत्य यांच्यातल्या नात्याचा प्रश्न आहे. दिवाळी अंकाला लेख द्यायचा म्हणून हे वाक्य मी दोन दिवस खपून तयार केलं. प्रत्यक्षात हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मी एका कूलरच्या मोटरीतून मेलेली पाल काढत होतो.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात आता पुतण्या मोबाइल विकतो. मागच्या अर्ध्यात मी पंखे, मिक्सर आणि क्वचित एखादा रेडिओ उघडून बसतो. लोक मला इंजिनेर म्हणतात. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, पण ज्याला रेडिओ उघडून पुन्हा बंद करता येतो त्याला आमच्या भागात इंजिनेर म्हणण्याची पद्धत होती. बंद केल्यावर तो वाजलाच पाहिजे अशी अट नव्हती.

माझी खरी कमाई रेडिओवर नव्हती, लाउडस्पीकरवाल्यांवर होती. लग्न असो, सप्ताह असो की दुकानाचं उद्घाटन, झाडावर भोंगा बांधला जायचा आणि खाली टेबलावर रेकॉर्ड वाजायची. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेकॉर्डवर एक बारीक खाच असते. ती कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाते. त्या खाचेतून सुई चालते, खाचेच्या भिंती तिला हलवतात आणि त्या हलण्याचा आवाज होतो. सुईला धरून ठेवणारी जी लांब काडी, तिला इंग्रजी पुस्तकात टोनआर्म म्हणतात. आम्ही दांडी म्हणायचो. दांडीचं काम जावयासारखं आहे. हजर तर राहायचं, पण भार टाकायचा नाही. सुईवर वजन कमी पडलं तर सुई उडते आणि जास्त झालं तर खाच खाते.

लाउडस्पीकरवाल्यांना फक्त पहिला अर्धा भाग ठाऊक होता. सुई उडाली की ते दांडीच्या डोक्यावर चाराण्याचं नाणं चिकटवत. तेवढ्यानं भागलं नाही तर आठाणे. धनजचा रऊफभाई तर वरातीच्या जीपमध्ये रेकॉर्ड वाजवायचा. जीपच्या टपाला त्यानं बायकोच्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि तान्ह्या लेकरासारखा प्लेयर त्यात निजवला होता. खड्डा आला की तो आधी झोळी धरायचा, मग स्वतःला.

"नवरदेव हलला तं चालते, इंजिनेर," तो मला म्हणायचा. "गाणं हलाले नोको. नवरदेवाले कोन आयकून राह्यलं?"

त्याच्या दांडीवर दोन आठाणे होते, एकावर एक. मी त्याला रागावलो नाही. उलट वरचं नाणं सैल झालं होतं ते मीच पक्कं करून दिलं. माझ्या धंद्यातली ही एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. सुईवरचं वजन मोजायचा छोटा काटा मी नागपूरहून आणला होता आणि तो काचेच्या कपाटात गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवला होता. काटा शोभेला होता. काम नाण्यांनी चालायचं.

तर कूलरमधून पाल निघाली आणि तेवढ्यात आसेगावचे साहेबराव दुकानात आले. त्रेसष्ट वर्षांचे असतील, चांगले जमीनदार. हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते त्यांनी ज्या जपणुकीनं काउंटरवर ठेवलं त्यावरून मला वाटलं, देव आणलेत. गोधडी सोडली तर आत रेकॉर्ड प्लेयर निघाला. पेटीवाला, झाकणातच स्पीकर असलेला, त्यांच्या वडलांच्या काळचा.

"इंजिनेरसाहेब, याची दांडी बदलाची आहे," साहेबराव म्हणाले.

"कायले? मोडली काय?"

"मोडली नाही. पन पुन्याचा भाचा म्हनते, मामा, तुमची दांडी मागासलेली आहे."

भाच्यानं मोबाइलवर चित्रं पाठवली होती. नवी दांडी परदेशी बनावटीची, चांदीसारखी चकाकणारी, मागे गोल वजन आणि बाजूला दोऱ्याला लोंबकळणारं आणखी एक इवलंसं वजन. सोबत एका माणसाचा व्हिडिओ होता. त्यात तो डोळे मिटून सांगत होता की या दांडीनं आवाज उबदार होतो आणि वाद्यांच्या मधली हवा ऐकू येते. एप्रिल महिना होता. आमच्याकडे एप्रिलमध्ये उबदार काही मागणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"ही दांडी तुमच्या पेटीवर बसवणं म्हणजे बैलबंडीले विमानाचं चाक लावणं आहे," मी म्हणालो. "आन् हवा आयकून काय करता?"

"हवा गेली खड्ड्यात. मले फक्त एक ओळ आयकाची आहे."

मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला माहीत होतं. सगळ्या आसेगावलाच माहीत आहे.

पन्नासेक वर्षांपूर्वी आसेगावच्या खंजिरी भजन मंडळाची रेकॉर्ड निघाली होती. छोटी, बशीपेक्षा थोडी मोठी, दोन बाजूंना मिळून चार भजनं. मंडळाचे बुवा बारा माणसं आणि दोन पोरं घेऊन मुंबईला गेले होते. एका भजनात कडव्याच्या आधी एकट्या पोराचा आवाज येतो. पोर एक प्रश्न विचारतं आणि बुवा पुढच्या कडव्यात उत्तर देतात. काम एकाच पोराचं होतं, पण प्रवासात एकाचा गळा बसला तर पंचाईत नको म्हणून बुवांनी दोघांना नेलं. एक साहेबराव आणि दुसरे किसनराव, वयं बारा बारा. रेकॉर्डिंगच्या वेळी दोघांना माइकपुढे उभं करून बुवा म्हणाले, ज्याच्याकडे मी पाहीन त्यानं म्हणायचं.

साहेबरावांना स्वच्छ आठवतं की बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. किसनरावांनाही तेवढंच स्वच्छ आठवतं. बुवा एका डोळ्यानं थोडे चकणे होते.

बुवा होते तोवर दोघांनी त्यांना किती वेळा विचारलं असेल. बुवा म्हणायचे, "दोघंबी चांगले गायले." मंडळातली बाकीची माणसंही एकेक करून गेली. राहिली रेकॉर्ड. तिच्या इतर प्रती कुठे गेल्या कोण जाणे, गावात एकच उरली, साहेबरावांच्या घरी. साहेबरावांच्या नातवानं इंटरनेटवर मंडळाचं नाव टाकून पाहिलं, तर ट्रॅक्टरचा क्लच कसा बदलावा याचा व्हिडिओ निघाला.

आणि या एकुलत्या प्रतीवर नेमकी त्याच ओळीपाशी सुई उडते. बुवांचं कडवं संपतं, खंजिरी वाजते, आता पोर बोलणार, तर टक्कन आवाज होऊन बुवाच पुढचं कडवं सुरू करतात. पन्नास वर्षं गाव साहेबरावांना विचारत आलं आहे की तुमचा आवाज येतो तिथंच रेकॉर्डले लाज काहून वाटते? पारावर किसनराव असले तर ते पुढे जोडतात, "लाज नाही गा. खोटं बोलाले रेकॉर्ड तयार नाही."

"हसा तुमी," साहेबराव मला म्हणाले. "पन मी पोराले सांगतलं, नातवाले सांगतलं, की रेकॉर्डवर माहा आवाज आहे. नातू परवा म्हनते, आबा, शाळेत सांगू की नोको सांगू? मी काय उत्तर देऊ?"

मी हसलो नाही. मी प्लेयर ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी या म्हणालो.

संध्याकाळी भिंग लावून रेकॉर्ड पाहिली. पोराच्या ओळीची जागा सापडायला वेळ लागला नाही. चार-पाच वेढ्यांत खाचेची भिंत अशी घासली गेली होती की मधला बांधच फुटल्यासारखा दिसत होता. एका वेढ्यातलं पाणी सरळ पुढच्या वाफ्यात. सुई बिचारी काय करणार? मग दांडी पाहिली. दांडीच्या डोक्यावर एक गोल करडा डाग होता, जुन्या गोंदाचा. मापानं आठाण्याएवढा.

तो डाग मी ओळखला. तो मीच पाडला होता.

साहेबरावांच्या वडलांनी हा प्लेयर रेकॉर्ड आली त्याच आठवड्यात घेतला, सप्ताहात लावायला. मी तेव्हा विशीतला, दुकान नवं. पहिल्याच दिवशी मंडपात माणसांच्या पावलांनी टेबल हललं आणि सुई एकदा उडाली. मला सायकलवर बसवून आसेगावला नेलं. सगळं गाव माझ्याकडे पाहत उभं. खरं म्हणजे टेबलाच्या पायाखाली दगड लावला असता तर काम झालं असतं. पण दगड लावणाऱ्याला इंजिनेर कोण म्हणणार? मी गंभीर चेहरा करून पेटी उघडली, उगाच दोन स्क्रू फिरवले आणि खिशातले आठाणे दांडीवर चिकटवून म्हणालो, "आता जलमात उडनार नाही."

सात दिवस ती रेकॉर्ड सकाळ-संध्याकाळ वाजली. नंतर वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. आठाण्याच्या ओझ्याखाली सुई नांगरासारखी चालली आणि जिथे खाच मुळातच नाजूक होती, तिथे तिनं ती खाल्ली. त्या वर्षात लोकांनी ती ओळ ऐकली असणार, पण भोंग्यातून. भोंग्यातून बुवा, पोरं आणि बैल यांचे आवाज सारखेच येत. पुढे कधीतरी नाणं गळून पडलं. ओळ त्याच्या आधीच गेली होती.

म्हणजे साहेबराव पन्नास वर्षं ज्या खोड्या सहन करत होते, त्यांचा कर्ता भिंग धरून माझ्याच खुर्चीत बसला होता.

आता मला सल्ला द्यायचा होता. दांडी बदला म्हणावं, तर माझ्या पापासाठी त्यांनी परदेशी दांडी आणायची आणि ती हलकी दांडी फुटक्या बांधावर जास्तच उडणार. बदलू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. मी तिसरा मार्ग काढला, जो धंद्यातले सगळे काढतात. दोन दिवसांनी साहेबराव आले तेव्हा म्हणालो, "पाहून राह्यलो. जरा गुंतागुंतीचं आहे."

असं मी तीनदा म्हणालो. चौथ्या वेळी साहेबरावांच्या आधी किसनराव आले. त्यांनी पुतण्याकडे मोबाइलचं कव्हर मागितलं आणि कव्हर न घेता मागे माझ्यापाशी येऊन बसले.

"साहेबरावची पेटी तुमच्याकडं आहे म्हनते."

"आहे."

"होईन दुरुस्त?"

"तुमाले काय वाटते, व्हावी काय?"

किसनराव बराच वेळ टेबलावरचे स्क्रू लहान-मोठे लावत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "इंजिनेरसाहेब, कोनाले सांगू नोका. मले आता पक्कं आठवत नाही. आधी आठवे. पन रोज सांगून सांगून, खरं आठवते का सांगतलेलं आठवते, तेच समजून नाही राह्यलं. त्यातून त्याचा आवाज निघाला तं मी पारावर बोलू काय?"

"आन् तुमचा निघाला तं?"

"मंग तो काय बोलन? त्याले तेवढंच तं आहे."

ते उठले. जाताना पुतण्याला म्हणाले, "कव्हर महाग लावलं गा तुवा," आणि गेले.

त्या दुपारी साहेबराव आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगून टाकलं. आठाणे, गोंद, टेबलाचा पाय, सगळं. भिंगातून डाग दाखवला, खाच दाखवली. आयुष्यात गिऱ्हाइकाला इतकं खरं मी कधी सांगितलं नव्हतं आणि मला ते सांगताही नीट येत नव्हतं.

साहेबरावांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली. "म्हंजे माहा गळा तुमीच दाबला म्हना की," ते म्हणाले.

"हो जी."

"आन् वरतून त्या सप्ताहात तुमाले पंगतीत पयल्या रांगेत बसोलं होतं आमच्या बापानं."

"हो. दोन वेळा बुंदी वाढली होती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती बुंदी आता परत मागतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "मंग आता तुमीच काढा तो आवाज बाहेर. दांडी गेली चुलीत. कसा काढता ते सांगा."

इथून पुढचं काम मी मनापासून केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. गंमत म्हणजे त्यात दांडीचा काही संबंध नव्हता. झिजलेल्या खाचेचा वरचा भाग गेलेला असतो, तळाशी थोडी भिंत शाबूत असते. जुनी सुई झिजून रुंद झाली होती आणि वरवरच फिरत होती. मी अकोल्याहून बारीक टोकाची नवी सुई मागवली, जी खोल उतरेल. दांडीची स्प्रिंग सैल करून भार जेमतेम ठेवला आणि तो भार मोजायला कपाटातला नागपूरचा काटा पहिल्यांदा बाहेर काढला. काट्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांची धूळ होती. धूळ पुसली तेव्हा तो बरोबर निघाला. शेवटी पेटीच्या डाव्या पायांखाली लग्नपत्रिकेच्या दोन घड्या सारल्या. पेटी उजवीकडे किंचित कलली की दांडी बाहेरच्या बाजूला ओढ घेते आणि पुढे उडी मारायची तिची हिंमत कमी होते. मी दुकानात लावून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. त्यांच्या आधी मी ऐकणं बरं दिसलं नसतं.

रविवारी चार वाजता आसेगावला साहेबरावांच्या ओसरीत बैठक झाली. साहेबरावांनी कोणाला बोलावलं नव्हतं, म्हणजे सगळे आले होते. किसनराव खांबाला टेकून सगळ्यांत मागे बसले. साहेबरावांनी नवा सदरा घातला होता. नातू पेटीच्या अगदी पुढ्यात. कोणीतरी पंखा चालू केला तर साहेबराव ओरडले, "बंद कर! पंख्याची हवा आयकाची नाही मले."

मी सुई ठेवली. बुवा सुरू झाले. इतका जवळून आवाज आला की मागे बसलेल्या एका म्हातारीनं पदर सारखा केला. कडवं संपलं, खंजिरी वाजू लागली. साहेबरावांनी डोळे मिटले. मी नकळत बोटानं टेबल धरलं. खर्र असा आवाज झाला, सुई जरा अडखळली, पण उडाली नाही.

आणि पोर गायलं. बारीक, थरथरता, जरा वरच्या पट्टीतला आवाज. अर्धी ओळ स्वच्छ म्हटली आणि पोर थांबलं. ते शब्द विसरलं होतं हे ओसरीतल्या लहान पोरांनाही कळलं. एक पूर्ण ठोका रिकामा गेला. मग दुसरा आवाज आला, थोडा जाड, घाईघाईनं आत घुसलेला, आणि त्यानं उरलेली अर्धी ओळ पुरी केली. लगेच बुवा सुरू झाले, त्यांनी काहीच झालं नाही अशा थाटात कडवं उचललं. कंपनीच्या माणसाला दुसऱ्यांदा घ्यायला वेळ नसेल किंवा त्याला मराठी येत नसेल.

मी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. नातवानं मागे वळून विचारलं, "आबा, यातला तुमी कोनता?"

"दुसरा," साहेबराव म्हणाले. "यानं बुडोलं, मी सावरलं."

"दुसरा मी होतो!" किसनराव खांब सोडून उभे राहिले. माझ्या दुकानात आता पक्कं आठवत नाही म्हणणारा माणूस एका क्षणात बारा वर्षांचा झाला. "तू विसरला. गाडीत भजे खाऊन खाऊन तुह्यं ध्यान कोठं होतं?"

"भजे तू खाल्ले बे!"

"मी खाल्ले तं तुह्या पोटात काहून दुखत होतं?"

ओसरी हसायला लागली. कोणी पहिल्याच्या बाजूनं बोलेना, कारण पहिल्याला वाली नव्हता. नातवाला मात्र त्याचं उत्तर मिळालं होतं. तो शाळेत सांगायला मोकळा होता, आवाज आहे आणि नक्की आहे. चहा आला, वाद चहात चालू राहिला आणि मी निघालो तेव्हा दोघं एकाच चटईवर बसून ज्या रेल्वेगाडीत भजी खाल्ली तिचं नाव आठवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबरावांचा फोन आला. भाच्याला सगळं सांगितलं होतं आणि भाचा म्हणत होता की ती परदेशी दांडी घेतली असती तर कोण विसरलं ते आवाजावरून नक्की ओळखता आलं असतं.

"तुमचं काय म्हननं आहे, इंजिनेरसाहेब? बदलून टाकू काय?"

मी म्हणालो, बदलू नका. काल घड्याळ लावून मोजलं होतं. ओळ दोघांची मिळून सहा सेकंदांची आहे आणि पारावर भांडायला तेवढी पुरे.